पॅच लावूनही तासाभरात तलफ येते, एचआयव्ही असलेल्यांच्या अंगातून निकोटिन लवकर उतरतं का?

लिफ्टवाला_४३

नमस्कार मंडळी. नवीन आयडी काढून लिहितोय, का ते समजून घ्या. विक्रोळीला राहतो, लिफ्ट मेंटेनन्सचं काम आहे. २०१४ ला एचआयव्ही कळला, तेव्हापासून गोळ्या चालू, आधी रात्री झोपताना घ्यायची टीएलई (तीन औषधांची एक गोळी) होती, २०२१ ला बदलून टीएलडी दिली, ती पण तशीच तीन औषधांची. गोळी एकदाही चुकलेली नाही, वायरल लोड टीएनडी आहे म्हणजे रक्तात व्हायरस सापडतच नाही, सीडी-४ म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पेशी सहाशेच्या वर. म्हणजे त्या बाजूने सगळं ठीक.

माझा त्रास सिगारेटचा. दिवसाला १८-२०. सकाळी डोळे उघडले की तोंड धुवायच्या आधी एक लागते, मग साईटवर मशीन रूममधे नाहीतर गच्चीवर तासाला एक. आता गंमत बघा, माझा कामावरचा पार्टनर पण ओढतो, पण दिवसाला दोन! जेवणानंतर एक आणि घरी जाताना स्टेशनबाहेरच्या टपरीवर एक, मधे सात तास त्याला आठवण पण येत नाही. मी त्याला विचारलं बाबा कसं काय तर म्हणतो मनावर घ्यायचं असतं. डोकंच फिरलं.

दोनदा सोडायचा प्रयत्न केला. पहिल्यांदा नुसतंच, तिसऱ्या दिवशी बायकोवर ओरडलो आणि खाली जाऊन पाकीट आणलं. दुसऱ्यांदा अंगाला चिकटवायचा निकोटिनचा पॅच आणला, केमिस्ट म्हणाला लहानापासून सुरू करा म्हणून १४ एमजीचा घेतला. एक तर मे महिना, शाफ्टमधे घामाने पॅच अर्धा सुटून शर्टाला चिकटायचा, आणि लावलेला असताना पण तासाभरात तलफ. निकोटिनचा गम पण चघळून बघितला, घसा जळाला आणि उचकी लागली, फेकून दिला.

आता परवा कुठेतरी वाचलं की एचआयव्ही असलेल्यांच्या शरीरात निकोटिन लवकर जळतं. हे खरं आहे का? आणि असेल तर ते व्हायरसमुळे का गोळ्यांमुळे? कारण गोळ्यांमुळे असेल तर डॉक्टरना सांगून बदलून मिळतील का असं डोक्यात आलं. गोळ्या मिळतात त्या सेंटरला सिगारेटबद्दल कोणी धड विचारत नाही, फॉर्मवर व्यसन हो का नाही एवढी टिक करतात आणि पुढचा नंबर.

---

केमिस्टकाका_मुलुंड

लिफ्टवाले, आधी तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर. गोळ्या बदलायचं डोक्यातून काढून टाका. बसलेली घडी सिगारेटसाठी मोडायची नाही, का ते खाली सांगतो.

निकोटिन झुरका घेतल्यावर १०-२० सेकंदात मेंदूत पोचतं. मग लिव्हर त्याला फोडायला बसतं. लिव्हरमधे एक एन्झाइम आहे, म्हणजे तोडफोडीचं काम करणारं प्रथिन, नाव सीवायपी-टू-ए-सिक्स, निकोटिनचा ७०-८० टक्के भाग हाच कोटिनिनमधे बदलतो, आणि पुढे कोटिनिनचं हायड्रॉक्सीकोटिनिन पण हाच करतो. निकोटिन साधारण दोन तासात अर्ध्यावर येतं, कोटिनिनला अर्ध्यावर यायला सोळा तास वगैरे लागतात, म्हणून तर इन्शुरन्सवाले रक्तालघवीत कोटिनिन शोधतात. तर ही दोन, हायड्रॉक्सीकोटिनिन आणि कोटिनिन, रक्तात किती आहेत त्याचा रेशो काढला की कळतं माणसाचं एन्झाइम सुस्त आहे का फास्ट. रेशो मोठा म्हणजे काम फास्ट.

आता हे एन्झाइम प्रत्येकाचं जन्मतःच वेगळं असतं. जपानी लोकांत तर काही जणांत त्याचा जीनच गायब असतो, असे लोक ओढले तरी कमी ओढतात कारण एकीचा असर लांबपर्यंत टिकतो. तुमचा पार्टनर दोन सिगारेटवर दिवस काढतो ते मनावर घेऊन का लिव्हरच्या मेहेरबानीने हे टेस्ट केल्याशिवाय नाही सांगता येणार, पण "मनावर घ्यायचं" हे बोलणं त्याला फुकट पडतंय एवढं नक्की. तुमची टाकी भरभर रिकामी होत असेल तर तुम्हाला पंपावर जास्त वेळा जावंच लागणार.

एचआयव्हीचं म्हणाल तर हो, वाचलंत ते हवेत नाही. अमेरिकेत २०१४ आणि २०१९ ला असे दोन अभ्यास छापून आले, एचआयव्ही असलेले स्मोकर आणि नसलेले स्मोकर यांची तुलना केली, तर असलेल्यांमधे निकोटिन जास्त वेगाने फुटत होतं. आता व्हायरस का गोळ्या. तुमच्या जुन्या टीएलईमधलं ई म्हणजे एफाविरेन्झ, ते औषध लिव्हरच्या एन्झाइमना कामाला जुंपतं ही जुनी माहीत असलेली गोष्ट आहे, निकोटिन लवकर जाण्याशी पण त्याचा संबंध दिसलाय. पण तुमचं ते २०२१ ला बंद झालं, असा असर औषध थांबल्यावर काही आठवड्यात ओसरतो. आणि टीएलडीमधलं डोल्युटेग्राविर अशी एन्झाइम पेटवणारी गोळी नाही. म्हणून म्हटलं, बदलण्यासारखं आता काही उरलेलंच नाही.

आणि एक विचारायचं राहिलं, दारू किती आहे? रोजचं जास्त पिणं असेल तरी निकोटिन फुटायचा वेग वाढलेला सापडतो आणि दारू सुटली की काही आठवड्यात खाली येतो.

---

सडेतोड_गिरगाव

राग मानू नका पण हे सगळं वाचून मला हसू आलं. एन्झाइम फास्ट, लिव्हर फास्ट, आता काय सिगारेट पण डॉक्टरच्या चिठ्ठीवर ओढणार का. माझ्या काकांनी तीस वर्षांची बिडी एका दिवसात सोडली, आषाढीला पंढरपुरात माळ घातली आणि तिथेच बंडल चंद्रभागेच्या कडेला ठेवून आले. कुठला पॅच आणि कुठला गम. कारणं शोधायची तर लाख मिळतात.

---

भांडुपकरीण

सडेतोड दादा, काकांचं कौतुकच आहे, पण माळ घातल्यावर अख्खं घर, अख्खी दिंडी, अख्खी आळी माणसावर लक्ष ठेवून असते हे विसरू नका. चहाच्या दुकानात पण कोणी बिडी पुढे करत नाही माळकऱ्याला. या भावाने कुणाला सांगायचं? त्याने तर इथे पण नवीन आयडी काढलाय.

मी माझं सांगते. मी सिगारेटवाली नाही, मिश्रीवाली. आमच्याकडे सातारला सगळ्या बायका लावायच्या, तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, हाताने चुरायची, डबीत भरायची, त्या वासानेच सकाळ व्हायची. लग्न होऊन भांडुपला आले तरी डबी बरोबर. मिस्टर गेले, मग माझी टेस्ट झाली, मग गोळ्या, सुरुवातीच्या त्या गोळ्यांनी पायाला इतक्या मुंग्या यायच्या की चप्पल पायात आहे का नाही कळायचं नाही. तेव्हा दिवसाला दोनदा लावायची मिश्री सहा-सात वेळा व्हायला लागली. टेन्शन म्हणून असं मी समजायचे. आता केमिस्टकाका सांगतायत ते वाचून वाटतंय टेन्शन पण असेल आणि हे पण असेल, कोण सांगणार.

सुटली कशी तर दातांच्या डॉक्टरने आरसा हातात दिला आणि गालाच्या आतला पांढरा पट्टा दाखवला. काही बोलला नाही तो, नुसता आरसा धरला. तरी सुद्धा पहिल्या वेळेला नाही सुटली हो, तिसऱ्या वेळेला सुटली. डबीत बडीशेप भरून ठेवली होती कारण हाताला डबी उघडायची सवय होती, तोंडाचं नंतर. अजून ती डबी आहे माझ्याकडे.

---

केमिस्टकाका_मुलुंड

ताई, बडीशेपची डबी एक नंबर.

सडेतोड, तुमचा मुद्दा सोडून देत नाही मी. एन्झाइम फास्ट असलेली माणसं सुद्धा सोडतात, भरपूर सोडतात. फक्त त्यांना तलफ लवकर आणि जोरात येते आणि नुसत्या पॅचवर त्यांचं कमी भागतं एवढंच. २०१५ साली बाराशेच्या वर स्मोकर्सवर एक ट्रायल झाली, आधी रक्तात तो रेशो तपासून लोक वेगळे केले आणि मग पॅच किंवा व्हॅरेनिक्लिन नावाची गोळी दिली. नॉर्मल-फास्टवाल्यांत गोळीने पॅचपेक्षा बऱ्यापैकी जास्त जण सुटले. सुस्तवाल्यांत दोन्ही साधारण सारखंच, उलट गोळीचा त्रास त्यांना जास्त झाला. मग कारणं शोधणं आणि कारण शोधणं यात फरक आहे की नाही तुम्हीच सांगा.

लिफ्टवाले, आता तुमचा पॅच. दिवसाला दहाच्या वर ओढणाऱ्याला सहसा २१ ने सुरू करतात, तुम्हाला १४ दिला गेला. म्हणजे आधीच अर्धपोटी, त्यात घामाने सुटलेला. दंडाला नको, पाठीवर वरच्या बाजूला लावा, जागा पुसून कोरडी करा, तेल-पावडर काही नको, तळहात दाबून धरा थोडा वेळ, रोज जागा बदला.

गमचं तर जवळजवळ सगळ्यांचं हेच होतं. तो च्युइंगम सारखा खायचा नसतोच. हळूहळू चावा, तिखट झिणझिणलं की थांबा आणि गाल आणि हिरडीच्या मधे दाबून ठेवा, झिणझिण गेली की परत दोन-चार वेळा चावा, असं अर्धा तास. निकोटिन गालातून जायला हवं, भराभर चावून थुंकी गिळली की ते पोटात जातं, मग घसा जळतो, उचकी, मळमळ. आणि त्याआधी पंधरा मिनिटं आणि तोंडात असताना चहा, कॉफी, सरबत, कोल्ड्रिंक काही नाही, आंबट तोंडात निकोटिन शोषलं जात नाही. तुम्ही नक्की कटिंग हातात घेऊन गम चावला असणार, बघा आठवून.

पॅच आणि गम दोन्ही एकत्र पण देतात, पॅच दिवसभर खालची पातळी धरून ठेवतो आणि तलफ उसळली की गम. सकाळी उठल्याबरोबर लागते म्हणजे तुमची ओढ जास्तीच्या खात्यात आहे, अशा लोकांना गम ४ एमजीचा लागतो. हे सगळं डॉक्टरला दाखवून करा, माझ्या पोस्टवर नको.

---

काउन्सेलर_होते

मी आठ वर्षं एचआयव्ही सेंटरवर काउन्सेलर होते, आता सोडलंय. लिफ्टवालेदादा, टिक करून पुढचा नंबर हे तुम्ही लिहिलंत ते खरं आहे आणि त्यात माझ्यासारखे पण आले. गोळी चुकली का, टीबीची लक्षणं आहेत का, पार्टनरची टेस्ट झाली का, यात पाच मिनिटं संपतात आणि बाहेर चाळीस माणसं उभी. पण आता मागे वळून बघते तेव्हा वाटतं की गोळ्या मिळायला लागल्यावर आपण जिंकलो असं समजून बसलो. २००४ ला एप्रिलपासून सरकारी दवाखान्यात एआरटी म्हणजे एचआयव्हीच्या गोळ्या फुकट सुरू झाल्या, त्याआधी काय चित्र होतं ते जुन्या लोकांना विचारा. आता माणसं पन्नाशी साठी बघतायत, आणि आमच्या डोळ्यादेखत हार्ट अटॅकने नाहीतर फुफ्फुसाने जातायत.

डेन्मार्कचा एक हिशोब २०१३ ला आला होता, तिथे उपचार चालू असलेल्या लोकांवर. पस्तिशीच्या एचआयव्ही असलेल्या स्मोकरचं आयुष्य सिगारेटमुळे सरासरी १२.३ वर्षं कमी होत होतं, आणि एचआयव्हीमुळे ५.१ वर्षं. म्हणजे ज्याची भीती वाटून माणूस रात्र रात्र जागतो त्याच्या दुपटीहून जास्त खिशातलं पाकीट खातं. मी हा आकडा लोकांना सांगायचे तेव्हा पहिल्यांदा कोणाचा विश्वासच बसायचा नाही. डेन्मार्क वेगळं, आपल्याकडे टीबी आहे, मुंबईत तर विचारूच नका, एचआयव्हीने टीबीचा धोका वाढतो तो आहेच आणि सिगारेटने पण वेगळा वाढतो.

व्हॅरेनिक्लिनबद्दल काकांनी सांगितलं त्यात एक जोडते. एचआयव्ही असलेल्या लोकांवरच फ्रान्समधे ट्रायल झाली, २०१८ ला छापली. वर्षभर टिकून राहिलेले, औषध नसलेल्या खोट्या गोळीपेक्षा दुपटीहून जास्त निघाले, पण तरी शंभरातले वीस पण नाहीत. हे मुद्दाम सांगतेय, कारण गोळी घेतली आणि नाही सुटली तर परत "माझ्यातच काहीतरी कमी" असं घेऊन बसू नका.

ही गोळी लिव्हरमधे फार फुटत नाही, बरीचशी तशीच लघवीतून जाते, म्हणून एआरटीशी भांडण कमी. पण किडनी नीट लागते, तुमच्या टीएलडीत टेनोफोविर आहे, त्याचा पण किडनीवर ताण येऊ शकतो, म्हणून क्रिएटिनिनचा (किडनीच्या रक्ततपासणीचा) ताजा रिपोर्ट घेऊन जा. डोल्युटेग्राविरने क्रिएटिनिनचा आकडा किडनीला काही न होता पण थोडा वर दिसतो, डॉक्टरना माहीत असतं, नवीन डॉक्टर असेल तर ग्रीन बुक (सेंटरची उपचाराची वही) दाखवा म्हणजे घोळ होणार नाही. दुसरी एक गोळी असते ब्युप्रोपिऑन, ती एफाविरेन्झ किंवा रिटोनाविर चालू असणाऱ्यांत कमी पडते. इथे वाचणारे सेकंड लाईनवाले (पहिल्या गोळ्या लागू न पडल्याने बदललेले) असतील त्यांनी हे डॉक्टरना नक्की विचारा.

एक गोष्ट कोणी सांगत नाही. गमने ॲसिडिटी झाली की लोक दुकानातून अँटासिडची बाटली आणतात. ते अँटासिड, कॅल्शियमची गोळी, लोहाची गोळी टीएलडी बरोबर घेऊ नका, डोल्युटेग्राविर त्यांना चिकटून पोटातच अडकतं. टीएलडी त्याच्या दोन तास आधी नाहीतर सहा तास नंतर.

फोनवर बोलायचं असेल तर १८००-११-२३५६, तंबाखू सोडण्याची सरकारी क्विटलाईन, परळला टाटा मेमोरियलमधून पण चालते, मराठीत बोलतात. एचआयव्हीचं त्यांना सांगायलाच हवं असं नाही, पण औषधाची गोष्ट निघाली तर चालू गोळ्यांची नावं सांगा.

---

लिफ्टवाला_४३

एवढं सगळं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. काका, हो, कटिंग हातात होता :) दारू नाही, २०१४ लाच बंद केली.

स्वप्नांचं विचारायचं आहे. टीएलईवर असताना मला रोज रात्री लिफ्ट तुटल्याची स्वप्नं पडायची, माझा धंदाच तो, रोप तुटलाय आणि मी लिफ्टच्या टपावर. टीएलडी झाली तेव्हा कुठे शांत झोपलो. या व्हॅरेनिक्लिनने पण स्वप्नं पडतात असं वाचलं. परत ते नको हो.

---

काउन्सेलर_होते

पडतात, खोटं कशाला सांगू. सगळ्यांना नाही, पण मळमळ आणि स्वप्नं हे दोन त्रास नेहमीचे. मळमळीसाठी पोटभर खाऊन मग गोळी आणि ग्लासभर पाणी. स्वप्नांसाठी संध्याकाळची गोळी थोडी लवकर, जेवणाबरोबर. डोस पण एकदम पूर्ण नाही देत, पहिला आठवडा चढवत नेतात आणि सिगारेट त्या आठवड्यानंतर बंद करायची असते. तुमचं टीएलईचं हे स्वप्न डॉक्टरना सांगाच, आधी मनाचा काही त्रास झाला असेल तर तो पण. कदाचित ते म्हणतील आधी २१ चा पॅच आणि गम नीट करून बघू. पॅचने पण रात्री स्वप्नं पडतात कोणाकोणाला, तसं झालं तर झोपताना काढून ठेवायचा.

---

केमिस्टकाका_मुलुंड

आणि चहा अर्ध्यावर आणा. गंमत नाही. सिगारेटच्या धुरातल्या डांबरासारख्या पदार्थांनी लिव्हरचं दुसरं एक एन्झाइम जोरात चालत असतं, ते चहाकॉफीतलं कॅफीन फोडतं. धूर बंद झाला की काही दिवसात ते मंदावतं, आणि तेवढाच चहा जास्त चढतो. हात थरथर, छातीत धडधड, झोप नाही, चिडचिड, माणूस म्हणतो सिगारेट सुटल्यामुळे होतंय आणि परत टपरीवर जातो. तुमच्या तिसऱ्या दिवशीच्या ओरड्यात चार कटिंगचा पण हात असेल.

---

सडेतोड_गिरगाव

हे चहाचं माहीत नव्हतं. माझे काका माळ घातल्यावर महिनाभर रात्री येरझाऱ्या घालायचे आणि काकू म्हणायची विठ्ठल झोपू देत नाही. दिवसाला आठ कप चहा चालू होता त्यांचा.

लिफ्टवाले, आधीचं जरा जास्त बोललो. सुट्टी सिगारेट घेणं बंद करा हे मात्र माझं ठाम मत, २०२० पासून राज्यात सुट्टी विकायला बंदी आहे तरी प्रत्येक टपरीवर मिळते आणि एकेक करत मोजणीच राहत नाही.

---

लिफ्टवाला_४३

अपडेट देतो, कोणी वाट बघत असेल तर.

सेंटरला गेलो होतो, यावेळी टिक करायच्या आधीच मी बोललो की मॅडम वीस ओढतो आणि सोडायचीय. खुर्चीत नीट बसल्या त्या. डॉक्टरनी छाती तपासली, एक्स-रे काढायला लावला (साफ आला), क्रिएटिनिन ठीक, आणि काउन्सेलर ताई म्हणाल्या तसंच, आधी २१ चा पॅच आणि ४ चा गम, महिन्याने बघू. आज नववा दिवस. पहिल्या पाच दिवसात सहा ओढल्या, लपवत नाही. त्यानंतर एक पण नाही. चहा चारवरून दोन.

काल पवईला एका टॉवरमधे बारा आणि तेराच्या मधे लिफ्ट अडकली, आत एक आजी आणि त्यांचं कुत्रं. त्यांना बाहेर काढून मशीन रूममधे आलो की नेहमीप्रमाणे हात खिशात गेला. गमची पट्टी हाताला लागली. गालात दाबून बसलो तर पार्टनर म्हणतो काय खातोस, मी म्हटलं दाढ दुखते, औषध आहे. म्हणे माझी पण दुखते, आणि नको नको म्हणेपर्यंत पट्टीतला एक काढून कचाकचा चावला. दहा मिनिटं उचक्या देत होता, घाम फुटला, शेवटी गच्चीवर जाऊन बसला. म्हणाला असलं औषध घेऊन तू काम कसं करतोस रे.

---

भांडुपकरीण

अय्यो! पाणी दिलंत का त्याला. आणि पट्टी आतल्या खिशात ठेवा हो, बाहेरच्या नको, घरात पोरांच्या हाताला लागेल. डबी हवी असेल तर माझ्यासारखी स्टीलची घ्या, दादरला स्टेशनबाहेर मिळते.